वाटणीतला भुसा

१८ डिसेंबर

भाऊजी,

तुमच्याशी बोलणार नाही असं मी अकरा वर्षांपूर्वी बांधावर उभं राहून सांगितलं होतं, आणि बोलले नाही. लिहिणार नाही असं काही म्हटलं नव्हतं. म्हणून हा कागद. अक्षराला नावं ठेवू नका. माझी शाळा चौथीत सुटली. तुमची दहावीपर्यंत चालली, आणि तिचा सगळा उपयोग तुम्ही वाटणीचा कागद लिहिताना करून घेतलात.

सकाळी तुमची सून आली होती. हातात हरभऱ्याचं एक झाड, मुळासकट उपटलेलं. म्हणाली, "मोठ्या आई, मामंजींनी विचारलंय, हे काय झालंय आणि तुम्ही यावर काय मारता?"

अकरा वर्षांत तुमचा पहिला निरोप आला तो हा. मी मेले की जिवंत हे विचारायला नाही आला.

मी तिला म्हटलं, मारायचं काही नसतं गं, मारून झालेलं असतं. मग खुरप्याने खोड उभं चिरून दाखवलं. वरून साल हिरवीगार, आणि आत मधोमध काजळाची रेघ ओढल्यासारखी काळपट. झाडाला पाणी वर चढवायची जी वाट असते ती तिथंच बंद होते. पाणी मुळाशी भरपूर, आणि झाड तहानेने मरतं. तुम्ही आपले पाणी सोडत बसला असाल. सोडा. जितकं सोडाल तितकी मुळं कुजतील, म्हणजे एकाला दुसरं लागून येईल.

शेतकी खात्याची बाई याला मर रोग म्हणते. मला ते नाव कळेपर्यंत मी त्याला तुमच्या नावाने हाक मारत होते.

तुमच्या विहिरीकडच्या रानात किती झाडं गेली असं विचारलं, तर सून म्हणाली, "चार-पाच ठिकाणी चटया अंथरल्यासारखी वाळलीत." चटया! पंधरा दिवसांत त्यांची सतरंजी होईल. फुलावर आल्यावर गालिचा. बसा मग त्याच्यावर पाय पसरून.

माझ्याकडे इलाज आहे. तो बाटलीत नाही, पोत्यात आहे. पण आधी तुम्ही मला एक वाक्य लिहून पाठवा. "थोरल्या वहिनीला दिलं ते रान आजारी आहे, हे मला वाटणीच्या वेळी माहीत होतं." एवढंच. खाली सही आणि तारीख. दहावी शिकलेल्या माणसाला एक ओळ जड जाऊ नये.

तुमची थोरली वहिनी

२ जानेवारी

भाऊजी,

तुमचं उत्तर सुनेच्या तोंडी मिळालं. "रान रानासारखं रान होतं, मला काय स्वप्न पडलं होतं?"

स्वप्न नव्हतं पडलं. नांगर पडला होता.

विसरला असाल तर आठवण करून देते. तुमचे दादा जाऊन तीन महिने झाले होते. मोजणीदार दुसऱ्या दिवशी यायचा होता. आणि तुम्ही आदल्या दिवशी, उभ्या हरभऱ्यात, घाटे धरायच्या ऐन वेळी नांगर घातलात. उभ्या पिकात कोण नांगर घालतं? तुम्ही चारचौघांत म्हणालात, "पीक काही जोरात नव्हतं. म्हटलं, वहिनीला मोकळं रान मिळू दे." लोकांनी तुमची पाठ थोपटली. मीसुद्धा डोळे पुसून म्हटलं, दीर असावा तर असा. काळीभोर उलटलेली माती, एक वाळकी काडी दिसत नव्हती. दिसेल कशी? मेलेली सगळी झाडं तुम्ही ढेकळाखाली पुरली होतीत.

आणि नुसती पुरली नाहीत. रोग एका कोपऱ्यात होता, तो नांगराच्या फाळाने रानभर पेरलात. माझ्यासाठी. पेरणीची मजुरी न घेता.

पहिल्या वर्षी मी हौसेने हरभरा पेरला. फुलं आली आणि रान आडवं झालं. मोजली तर सतरा झाडं उभी होती. सबंध रानात सतरा. तीही उपटून टाकावीत असं मनात आलं होतं. पण मग वाटलं, इतकी मेली आणि ही सतरा काय माझं तोंड बघायला थांबलीत? राग आला मला त्यांचा. मी त्यांच्या शेजारी काठ्या रोवल्या, काठ्यांना चिंध्या बांधल्या आणि त्यांचे दाणे वेगळे काढले. एक मूठ भरली.

दुसऱ्या वर्षी ती मूठ कुठं पेरली असेल सांगा? जिथं सगळ्यात आधी झाडं मेली होती, बरोबर तिथं. शहाणं माणूस चांगली जागा बघून बी टाकतं. मी मुद्दाम वाईट जागा शोधून टाकलं. जगायचं तर इथं जगा, नाही तर मरा. निम्म्याच्या वर मेली. उरली त्यांचं बी पुन्हा त्याच जागी. बाकीच्या रानात गहू आणि जवस घेऊन पोट भरलं, पण तो कोपरा सोडला नाही. नात म्हणायची, "आजी, तुला झाडांचे नंबर पाठ आहेत आणि नातवंडांना हाक मारताना तीन नावं चुकतात." मी म्हटलं, नातवंडं मेली नाहीत ना अजून, मेल्यावर जगलेल्यांचे नंबर पाठ करावे लागतात.

सातव्या वर्षी शेतकी खात्याची बाई आली, भिंगातून माती बघणारी. आम्ही तिला भिंगवालीच म्हणतो. आधी ओरडली, "आजी, एकाच जागी दर वर्षी हरभरा? कुणी सांगितलं तुम्हाला?" मग माझ्या काठ्या बघितल्या, चिंध्या बघितल्या, आणि खाली बसली. म्हणाली, "आजी, आम्ही आमच्याकडे मुद्दाम एक वाफा आजारी ठेवतो. त्यात नवी नवी बियाणी टाकून बघतो, कोण तगतं ते. तुम्ही तर अख्खं रान ठेवलंत."

मी म्हटलं, "मी ठेवलं नाही बाई, मला ते दिलं होतं."

तिने माझं बी नेऊन तिच्या आजारी वाफ्यात टाकलं. शंभरातली चौऱ्याण्णव उभी राहिली. तिने परत येऊन सांगितलं तेव्हा मी रडले नाही. मी बांधावर गेले आणि तुमच्या विहिरीकडे बघत उभी राहिले.

या हंगामात गावातल्या तेवीस घरांत माझं बी आहे. मोबदला काही नाही, अट एकच. धाकट्याच्या घरात यातला एक दाणा गेला तर पुढच्या वर्षी माझ्या दारात यायचं नाही. तुम्ही तिघांकडे मागून बघितलंत हे मला कळलं. तिघांनी तीन कारणं सांगितली, हेही कळलं. एकाने म्हणे उंदरांनी खाल्लं असं सांगितलं. चांगला माणूस आहे, त्याला पुढच्या वर्षी पायलीभर जास्त देईन.

ते वाक्य अजून आलेलं नाही.

थोरली वहिनी

२७ जानेवारी

भाऊजी,

तुमची चिठ्ठी मिळाली. स्वतःच्या हाताने लिहिलीत, ओळी एकमेकींवर चढल्यात. मोतीबिंदू पिकला वाटतं. "जर त्या वेळी माझ्याकडून काही कमी-जास्त झालं असेल आणि त्यामुळे कोणाच्या मनाला लागलं असेल तर."

'जर'ने सुरू आणि 'तर'ने बंद. मधे माणूस कुठं आहे ते मला भिंग घेऊनही सापडलं नाही. असली चिठ्ठी मी चुलीला दाखवली. मी मागितलेल्या वाक्यात 'जर' नव्हता.

दुसरं. पिठाच्या गिरणीत तुम्ही चारचौघांत म्हणालात म्हणे, "थोरलीने माझ्या रानात रोगाची माती टाकली. विहिरीकडचं रान कधी मेलेलं नव्हतं, आताच कसं मेलं?" चोराच्या उलट्या बोंबा! लोकांनी मला येऊन सांगितलं. मी सगळ्यांसमोर सांगते आणि इथं लिहूनही देते. माझं पाऊल अकरा वर्षांत तुमच्या रानात पडलेलं नाही. मूठभर माती मी इकडून तिकडे फेकलेली नाही. मी कुणाला पाठवलेलं नाही. माझे हात स्वच्छ आहेत.

भुशाचं म्हणाल, तर तो तुमचाच हट्ट. वाटणीच्या कागदात सातवं कलम कुणी घातलं? "थोरलीकडील रानातील हरभऱ्याचा भुसा धाकट्याच्या गोठ्यास." जमीन आजारी दिलीत, आणि तिच्यावरचा भुसासुद्धा सोडवला नाही तुम्हाला. पहिली सात वर्षं मी त्याच्यावरून भांडले. पोती लपवली, एकदा मुद्दाम पावसात भिजू दिली, एकदा तर तुमच्या गड्याला खुरपं दाखवलं. पण गेली चार वर्षं मी त्यावरून हूं की चूं केलेलं नाही. उलट सून न्यायला आली की पोती पायाने दाबून दाबून भरून देते. तिला विचारा. असली जाऊ आणि असली वहिनी शोधून सापडणार नाही.

तेव्हा माझ्या नावाने बोंबलण्याआधी आपल्या उकिरड्याकडे बघा. बाकी मी काही म्हणत नाही.

गालिचा झाला का?

थोरली वहिनी

२१ फेब्रुवारी

भाऊजी,

हा कागद तुमच्यापर्यंत किती पोचेल ते आता मला सांगता येत नाही. का ते वाचाल. म्हणजे वाचणारी वाचू देईल तितकं.

परवा माझी मळणी झाली. भुसा अंगणात पडला होता, सात पोत्यांचा. सून आली. मी पोती झटकायला घेतली, तर ती उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "मोठ्या आई, भुसा नको."

"का गं? गाई काय उपास करतायत?"

"नको म्हटलं ना."

"सातवं कलम आहे बाई. तुझ्या सासऱ्याने लिहिलंय."

"मला माहीत आहे काय काय लिहिलंय," ती म्हणाली. "मामंजींना डोळ्यांनी दिसत नाही. तुमची पत्रं मीच वाचून दाखवते."

भाऊजी, खरं सांगते, मी समजत होते तुमचा मुलगा वाचत असेल. तो महिन्यातून दोन दिवस ट्रकवरून घरी येतो हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. म्हणजे रान ती करते, गोठा ती करते, पोरं ती वाढवते, आणि माझ्या शिव्यासुद्धा तीच वाचते.

म्हणाली, "तिसऱ्या पत्रातला भुशाचा परिच्छेद मी त्यांना वाचला नाही. तो माझ्यासाठी ठेवला. एक सांगा, सात वर्षं भांडलात ना? मग चार वर्षांपूर्वी एकदम गप्प कशा झालात?"

मी म्हटलं, "वय झालं. भांडून भांडून माणूस थकतं."

"तुम्ही?" ती हसली. हसणं चांगलं नव्हतं. "तुमच्या दुसऱ्या पत्रात आहे, भिंगवाली सातव्या वर्षी आली. म्हणजे चार वर्षांपूर्वी. मी काल तिच्या कचेरीत गेले होते. तिला विचारलं, भुशातून येतं का हे? ती म्हणाली, 'येतं की. गुरांपुढचं उरलेलं उकिरड्यात जातं, अर्धवट कुजलेलं शेणखत रानात जातं, झालं. मी तर आजींना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हा भुसा गुरांना घालू नका, काड्यांसकट जाळून टाका.'"

मी पोतं झटकत राहिले. रिकामं पोतं किती झटकणार?

"तुझ्या सासऱ्याने मला काय दिलं ते तुला माहीत आहे का?" मी विचारलं.

"माहीत आहे. मी या घरात आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी जेवताना सांगितलं होतं. 'आजारी तुकडा थोरलीच्या गळ्यात बांधला.' हसून सांगितलं. सासूबाईपण हसल्या. मी वाढत होते."

हे घ्या! दोन महिने मी एका ओळीसाठी कागद खराब करत होते, आणि ती ओळ तुम्ही जेवताना तोंडी लावायला वापरत होतात. मी म्हटलं, "मग झालं तर. फिटंफाट झाली."

"कुणाची?" सून उठून उभी राहिली. "ते तर खाटेवर बसलेत. रान मेलं ते माझं. पोती कुणाच्या डोक्यावरून गेली, मोठ्या आई? चार वर्षं, दर वर्षी सात-आठ खेपा. तुम्ही वरून म्हणायच्या, 'अजून दाब, अजून मावेल.' मी घरी जाऊन सांगायचे, मोठ्या आई वाटतात तितक्या वाईट नाहीत. शेणखत पसरलं कुणी? मी. या हातांनी, मुठीमुठीने, एकसारखं. तुम्हाला माहीत होतं का?"

तुम्हाला जे विचारत होते तेच तिने मला विचारलं. उत्तर दोन शब्दांचं होतं, आणि माझी चौथी त्याला पुरेशी होती. मी दिलं नाही. म्हटलं, "ऊन वाढलंय, घरी जा."

ती गेली. भुसा अंगणात तसाच पडलाय.

वहिनी

९ मार्च

भाऊजी,

सुनेला सांगितलंय, हे पत्र अंगणात बसून, मोठ्याने, एक अक्षर न गाळता वाचायचं. शेजारी ऐकत असतील तर ऐकू दे.

मला माहीत होतं. भिंगवालीने सांगितलं त्या संध्याकाळी मी चूल पेटवायची विसरले, इतका आनंद झाला. तुम्ही मला मेलेलं पुरून दिलं होतंत, ते मी तुम्हाला पोत्यात भरून परत पाठवलं. तुमच्याच कलमाने. माती टाकली नाही, कुणाला पाठवलं नाही, तुम्ही मागितलंत तेवढंच दिलं आणि थोडं जास्त दिलं. चार वर्षं मी तुमच्या उकिरड्यावरून येणाऱ्या वाफा बघत होते. तुमच्यापुरतं विचाराल तर मला आजही त्याचं वाईट वाटत नाही. पुन्हा ती वेळ आली तर पुन्हा भरीन.

पण पोती तुमच्या डोक्यावर नव्हती.

परवा मी बांध ओलांडून तुमच्या रानात आले. चपला बाहेर काढल्या, पाय धुतले, मग आले. सून वाळलेली झाडं उपटत होती, एक एक, मुळासकट. घाटे पोकळ. माझा सगळा गालिचा ती एकटी गोळा करत होती. मी तिला म्हटलं, "माहीत होतं मला. तुझ्याबद्दल विचार केला नाही. माफ कर."

ती न थांबता म्हणाली, "माफी कुठं पेरू? बी द्या."

मला ती पोरगी त्या दिवशी पहिल्यांदा आवडली.

आता ठरलंय ते ऐका. ठरवलंय आम्ही दोघींनी, तुमचं मत विचारायला नाही, कळवायला लिहितेय.

भुसा मी काल जाळला. सातवं कलम त्याच्याबरोबर गेलं. तुमच्या उकिरड्यातलं खत आता रानात जायचं नाही. सून खड्डा करून ते पुरणार आहे, गावाच्या नाल्यापलीकडे. वाळलेली झाडं जाळायची, बांधावर ढीग लावायचे नाहीत. उन्हाळ्यात खोल नांगरट, ढेकळं तशीच उन्हात तापत ठेवायची, लगेच फोडायची नाहीत. पुढची दोन वर्षं त्या रानात हरभरा नाही, तूर नाही, वाटाणा नाही. गहू आणि जवस. भिंगवाली हिरव्या बुरशीची पूड देणार आहे, ती नीट कुजलेल्या खतात कालवून टाकायची. चांगली बुरशी वाईट बुरशीला खाते म्हणे. माणसांत असं कधी ऐकलं नाही. तिसऱ्या वर्षी माझं बी, आधी एका पट्ट्यात. तो तगला तर पुढे.

तुम्ही म्हणाल, तीन वर्षं? हो. मी अकरा काढली.

बी मी सुनेला दिलंय. तुम्हाला नाही, तुमच्या मुलालाही नाही. गावातल्या तेवीस घरांना सांगितलं, चोविसावं घर तिचं. बी कुणाला द्यायचं, कुणाला नाही, ते तिचं ती ठरवेल, माझ्याएवढाच हक्क तिचा. मी मेल्यावर काठ्या आणि चिंध्याही तिच्याच. मी तिला हेही सांगितलं की तिसरं वर्ष उजाडलं तरी तिच्या नावावर रान होईपर्यंत तिने त्यातला एक दाणा तुमच्या विहिरीकडच्या मातीत टाकू नये. ती म्हणाली, "ते मी आधीच ठरवलं होतं." बघा, शिकवावं लागत नाही.

तेव्हा आता माझ्याकडे निरोप पाठवू नका आणि तेवीस घरांची दारं झिजवू नका. तुम्हाला हरभरा खावासा वाटला तर घरातच मागा. जी वाढत होती आणि ऐकत होती, तिच्याकडे. ती पानात काय वाढते ते मला कळवायची गरज नाही.

तुमचं ते वाक्य आता नको मला. ते तिला द्या. पण 'जर' लावलंत तर ती वाचून दाखवणार नाही, आणि तुम्हाला दिसत तर काही नाहीच.

तुमची थोरली वहिनी